तीन सत्रांचे गुण आणि वॉल स्ट्रीटचा उंबरठा

अमेरिकेतील महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकणारा एकोणीस-वीस वर्षांचा विद्यार्थी एखाद्या मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकेचा अर्ज भरायला बसतो, तेव्हा नाव, पत्ता, महाविद्यालय, मुख्य विषय हे रकाने भराभर भरून होतात आणि मग एक लहानसा रकाना येतो. दशांशचिन्ह धरून दोन-तीन आकडे तेवढे त्यात मावतात. ३.८ लिहिणारा विद्यार्थी पुढच्या पानावर जातो, २.९ लिहावे लागणारा तेथेच थबकतो. रकाना रिकामा ठेवावा काय, असा विचार त्याच्या मनात येतो. पण रिकामा रकाना ‘तीनपेक्षा कमी’ असाच वाचला जातो, हे वरच्या वर्गातील मित्रांनी त्याला आधीच सांगून ठेवलेले असते. तीन म्हणजे सरासरी ‘बी’ श्रेणी. हा विद्यार्थी नापास झालेला नाही, मठ्ठ तर नाहीच नाही. तरीसुद्धा ज्या धंद्यात शिरण्याची त्याची आकांक्षा आहे, त्याचे दर्शनी दार या एका आकड्याने त्याच्यापुरते बंद होते. ते खरोखर बंद असते की नुसते लोटलेले, याची चौकशी त्याच्याइतकीच त्याच्या शिक्षकांनीही करावी अशी आहे. कारण तो आकडा तयार होतो शिक्षकांच्याच हातून.

इन्व्हेस्टमेंट बँक हे नाव आपल्याकडील वाचकाला थोडे फसवे वाटेल. पासबुक, बचत खाते, धनादेश यांच्याशी तिचा मूळ संबंध नाही. कंपन्यांचे समभाग व कर्जरोखे विकून भांडवल उभारून देणे, त्या विक्रीची हमी घेणे, एका कंपनीने दुसरी विकत घ्यावयाची झाल्यास किंमत ठरवण्यापासून करार होईपर्यंत सल्ला देणे, ही तिची कामे. मुंबईत याच कामाला मर्चंट बँकिंग म्हणत. ग्रिंडलेज बँकेने १९६७ मध्ये आणि स्टेट बँकेने १९७२ मध्ये ते सुरू केले. अमेरिकेत १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवी घेणाऱ्या बँका आणि रोख्यांचा व्यवहार करणाऱ्या पेढ्या यांची फारकत केली होती. १९९९ मध्ये ती कायद्यानेच संपली. २००८ च्या अरिष्टात लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर गोल्डमन सॅक्स व मॉर्गन स्टॅन्ले यांनीही बँक-धारक कंपनीचा दर्जा पत्करला. कायद्याची चौकट अशी बदलत गेली, तरी तरुणांना असलेली या धंद्याची ओढ कमी झाली नाही. २०२१ मध्ये गोल्डमनने पहिल्या वर्षाच्या विश्लेषकाचे, म्हणजे नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाचे, मूळ वेतन वर्षाला १,१०,००० डॉलर केले. बोनस त्याहून वेगळा. ओढीचे कारण यापेक्षा खोल शोधण्याची गरज नाही.

या धंद्यात गुणपत्रिकेला नेहमीच असे स्थान होते असे मात्र नव्हे. १९०७ मध्ये सिडनी वाइनबर्ग नावाचा ब्रुकलिनचा मुलगा गोल्डमन सॅक्समध्ये झाडलोट करणाऱ्याचा मदतनीस म्हणून आठवड्याला ५ डॉलरवर लागला. शाळा त्याने लहानपणीच सोडली होती. भागीदारांच्या हॅटवरील धूळ झटकावी, बुटांवरचा चिखल पुसावा, हे त्याचे काम. तोच १९३० मध्ये पेढीचा प्रमुख भागीदार झाला आणि १९६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. वॉल स्ट्रीटवर ही कथा कौतुकाने सांगतात. आजच्या अर्जात मात्र वाइनबर्गला भरता येईल असा रकानाच नाही.

म्हणून त्या काळी दार सर्वांना उघडे होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. घराणे, धर्म, कोणत्या क्लबात ऊठबस आहे, यांवर भागीदारी ठरत असे. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांना तर विचारातच घेतले जात नसे. महायुद्धानंतर बिझनेस स्कूलचे पदवीधर आले, आणि १९८० च्या दशकात पदवीधरांना दोन वर्षांसाठी विश्लेषक म्हणून घेण्याची पद्धत रूढ झाली. तिने महाविद्यालयांतून केवढी खळबळ उडवली याची एक नोंद मायकेल लुईस यांच्या ‘लायर्स पोकर’ या १९८९ च्या पुस्तकात सापडते. १९८६ मध्ये येलमधून बाहेर पडणाऱ्या सुमारे १,३०० विद्यार्थ्यांपैकी ४० टक्के जणांनी फर्स्ट बॉस्टन या एकट्या पेढीकडे अर्ज केले होते. स्वतः लुईस प्रिन्स्टनमध्ये कलेचा इतिहास शिकलेले. त्यांची सॉलोमन ब्रदर्समधील नोकरी लंडनमधील एका शाही मेजवानीत शेजारी बसलेल्या बाईंच्या यजमानांमुळे जमली. गुणांची चाळण लावणाऱ्या धंद्यातही मेजवानीतील खुर्चीचे महत्त्व संपलेले नव्हते, हे त्यावरून दिसते. वंशपरंपरेच्या तुलनेत गुणपत्रिका अधिक न्याय्य म्हणून आली, हे मान्य करून मगच तिच्यावर टीका केली पाहिजे.

चाळणीचे अर्थशास्त्र

पेढ्यांची बाजू प्रथम समजून घ्यावयास हवी. २०२४ च्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी गोल्डमनकडे जगभरातून ३ लाखांहून अधिक अर्ज आले आणि शंभरात एकालाही जागा मिळाली नाही. एवढे अर्ज माणसाने वाचणे अशक्यच. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला सिद्धान्त, ज्यासाठी त्यांना २००१ मध्ये अकरलॉफ व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, याच परिस्थितीला लागू पडतो. उमेदवाराची खरी कुवत मालकाला दिसत नाही. म्हणून जे दिसते आणि जे मिळवणे कुवत नसलेल्याला अधिक जड जाते, अशा खुणेवर तो विसंबतो. पदवी ही अशी खूण, आणि पदवीतील गुण ही त्याहून बारीक खूण. शितावरून भाताची परीक्षा करण्याचाच हा प्रकार. त्यात तर्कदृष्ट्या काही चूक नाही, फक्त शीत कोणत्या वेळी उचलले हे पाहावयास हवे.

येथेच खरी गोम आहे. या पेढ्या कायमच्या जागा बहुतांशी उन्हाळी प्रशिक्षणार्थ्यांतूनच भरतात. हे प्रशिक्षण तिसऱ्या वर्षानंतरच्या सुटीत सुमारे दहा आठवडे चालते. पूर्वी त्याची निवड तिसऱ्या वर्षी होई. चांगले विद्यार्थी दुसरी पेढी आधी पळवील या धास्तीने प्रत्येक पेढी निवड थोडी अलीकडे ओढत गेली, आणि हल्ली ती सव्वा-दीड वर्ष आधी, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर होऊ लागली आहे. तेव्हा विद्यार्थ्याची अवघी तीन सत्रे झालेली असतात. तीतही पहिले सत्र म्हणजे घर सोडून वसतिगृहात आल्याचे, विषय निवडण्यात चुकल्याचे, कुणाचे रसायनशास्त्रात तर कुणाचे प्रेमात फसल्याचे सत्र. चार वर्षांच्या शिक्षणाचा निकाल या तीन सत्रांवर लागतो.

हिशेब मांडला म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. अमेरिकन पदवीला साधारणतः १२० श्रेयांक लागतात, सत्राला १५ प्रमाणे आठ सत्रे. ‘ए’ला ४, ‘बी’ला ३, ‘सी’ला २, असे गुणांक धरून श्रेयांकांच्या प्रमाणात सरासरी काढतात, हीच ग्रेड पॉइंट ॲव्हरेज, अर्थात जीपीए. समजा, एका विद्यार्थ्याची पहिल्या तीन सत्रांची सरासरी २.६ आली. त्यानंतर तो सावध झाला, आणि पुढील पाचही सत्रांत त्याने एकही विषय न चुकता प्रत्येक ठिकाणी ‘ए’ मिळवला. ४५ श्रेयांकांचे ११७ गुण आणि ७५ श्रेयांकांचे ३०० गुण मिळून ४१७ होतात. त्यांना १२० ने भागले की उत्तर येते ३.४७५. मोठ्या पेढ्यांतून ३.५ ही रूढ रेषा मानली जाते. म्हणजे अडीच वर्षे निर्दोष काम करूनही हा मुलगा पदवीच्या दिवशी रेषेच्या अलीकडेच उभा! सरासरीचा हा स्वभाव आहे. ती लवकर झालेली चूक विसरत नाही, आणि उशिरा आलेली समज तिला पुरेशी दिसत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात सरासरी आणि सीमांत यांतील फरक पहिल्याच महिन्यात शिकवतात. नव्या माणसाकडून पुढे काय मिळेल हे जाणायचे तर त्याचे शेवटचे सत्र पाहावे. पेढ्या मात्र सरासरी पाहतात, आणि तीही अर्धवट.

दुसरी अडचण मापाची. एके ठिकाणचा ३.२ आणि दुसरीकडचा ३.२ यांचे वजन सारखे नसते. हार्वर्डमध्ये सर्वाधिक दिली जाणारी श्रेणी ‘ए’ असून मध्यक ‘ए-उणे’ आहे, हे २०१३ मध्ये तेथील अधिष्ठात्यांनीच प्राध्यापकांच्या सभेत सांगितले. उलट प्रिन्स्टनने २००४ मध्ये ‘ए’ श्रेणी ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे धोरण घातले आणि विद्यार्थ्यांना नोकरीच्या बाजारात तोटा होतो या तक्रारींनंतर २०१४ मध्ये ते मागे घेतले. प्रामाणिक माप वापरणाऱ्यालाच दंड बसला. अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्र शिकणाऱ्याला एकेक ‘बी’ घाम गाळून मिळतो, हेही सर्वांना ठाऊक असते. संगणकाची चाळण मात्र विषय विचारीत नाही.

तिसरी अडचण परिस्थितीची आहे, आणि ती सर्वांत गंभीर. अमेरिकेत पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीही सुमारे ४० टक्के कुठे ना कुठे नोकरी करीत असतात. आठवड्याला वीस तास उपाहारगृहात वा गोदामात राबून ३.१ मिळवणारा आणि पूर्ण वेळ ग्रंथालयात बसून ३.६ मिळवणारा, यांत अधिक चिकाटीचा कोण? चिकाटीचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे, कारण गुणांच्या बाजूने केला जाणारा सर्वांत सबळ युक्तिवाद तोच आहे. नव्या विश्लेषकाचे काम बुद्धीचा कस लावणारे नसते. ताळेबंदावरून कोष्टके मांडणे, तत्सम कंपन्यांच्या किमती जुळवणे, ग्राहकासमोर ठेवावयाच्या पुस्तिकेतील अक्षरे आणि रेघा सरळ करणे, हे ते काम. २०२१ मध्ये गोल्डमनच्या तेरा नव्या विश्लेषकांनी आपसांत केलेली पाहणी बाहेर फुटली. त्यात आठवड्याला सरासरी ९५ तास काम होत असल्याचे म्हटले होते. कंटाळवाणे काम न चुकता, न कुरकुरता करणारा माणूस पेढीला हवा असतो, आणि चांगली गुणपत्रिका त्या सवयीचा पुरावा देते, असे पेढ्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. पण मग गोदामातल्या वीस तासांचा पुरावा त्याहून कमी कसा ठरतो?

समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी इन्व्हेस्टमेंट बँका, सल्लागार संस्था आणि मोठ्या कायदा-पेढ्या यांतील भरती करणाऱ्या १२० जणांच्या मुलाखती घेऊन २०१५ मध्ये ‘पेडिग्री’ हे पुस्तक लिहिले. अर्जावर पडणारी नजर अल्पकाळाची असते, विद्यापीठाच्या नावाला सर्वांत जास्त मान मिळतो आणि खेळ, प्रवास, छंद यांना अनपेक्षित महत्त्व येते, असे त्यांना आढळले. निवड करणारे आपल्यासारख्या माणसात गुणवत्ता पाहतात. नौकानयनाच्या चमूत असलेला मुलगा भावी सहकारी वाटतो. गोदामात काम केलेला कष्टाळू वाटतो खरा, पण ‘आपल्यातला’ वाटत नाही. २०१६ मध्ये गोल्डमनने पहिली मुलाखत चित्रफितीवर घेण्यास सुरुवात केली, तेव्हा दूरच्या महाविद्यालयांनाही संधी मिळेल असे वाटले होते, आणि काही अंशी मिळालीही. पण दार रुंद झाले की रांगही लांबते, आणि रांग लांबली की चाळण अधिक बारीक करावीशी वाटते.

गूगलचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लॅस्लो बॉक यांनी २०१३ मध्ये सांगितले की, त्यांच्या कंपनीच्या अनुभवात महाविद्यालयीन गुण आणि कामगिरी यांचा संबंध दिसला नाही. नव्या पदवीधरांच्या बाबतीत तो किंचित दिसला, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले होते. गुणांवर टीका करणारे ही पुरवणी बहुधा वगळतात. वस्तुतः तीच पुढील वाटेचा धागा देते. गुणांचे महत्त्व पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीपुरते असते आणि वर्षागणिक ते विरत जाते. कमी गुण असलेल्याला गुण वाढवणे शक्य नसते. पहिली नोकरी पहिल्या दाराने न मागणे त्याच्या हाती असते.

आडवाटा

या आडवाटेने गेलेल्यांत केनेथ लँगोन यांचे उदाहरण बोलके आहे. नळजोडणी करणाऱ्याचा हा मुलगा बकनेल विद्यापीठात गेला आणि सुरुवातीच्या काळात अभ्यासात चांगलाच घसरला. अर्थशास्त्राच्या वर्गात त्याला सूर सापडला. पुढे विमा कंपनीत नोकरी करीत न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रात्रवर्गात त्याने एमबीए केले आणि आर. डब्ल्यू. प्रेसप्रिच या लहान रोखेपेढीत शिरकाव मिळवला. १९६८ मध्ये रॉस पेरो यांच्या इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्सचे समभाग प्रथम बाजारात आणण्याचे काम मोठमोठ्या पेढ्या टपून बसल्या असताना त्याने मिळवले. ज्या अर्धवेळ एमबीए अभ्यासक्रमाने त्याला हात दिला, त्याला आज त्याचेच नाव आहे. लॉइड ब्लँकफाइन यांची अडचण गुणांची नव्हती, ते हार्वर्डचे. पण टपाल खात्यातील कारकुनाच्या या मुलाला गोल्डमनने पहिल्यांदा नाकारले होते; गोल्डमनने १९८१ मध्ये विकत घेतलेल्या जे. ॲरन या जिनसांचा व्यापार करणाऱ्या पेढीत सोने विकणारा म्हणून ते लागले आणि २००६ मध्ये गोल्डमनचेच प्रमुख झाले. माडीवर जाण्याचा जिना बाजूच्या इमारतीतूनही असतो, तो असा.

अशी उदाहरणे देणे सोपे असते. सर्वसाधारण विद्यार्थ्याला त्यांतून काय घेता येईल, ते पाहू. न्यूयॉर्कच्या दहा-बारा नामांकित पेढ्या म्हणजे सारा धंदा नव्हे. मिल्वॉकी, मिनिआपोलिस, सेंट लुईस अशा शहरांतून मध्यम कंपन्यांची खरेदी-विक्री जुळवणाऱ्या पेढ्या आहेत, आणि त्यांच्याही खाली पाच-दहा माणसांची कार्यालये. येथे अर्ज माणूस वाचतो. आपल्याच महाविद्यालयातून पूर्वी बाहेर पडलेल्या, आता अशा कार्यालयात असलेल्या माणसाला शोधून नेमके, चार ओळींचे पत्र लिहिणे, पंधरा मिनिटे मागणे, आणि ती मिळाल्यावर नोकरी न मागता कामाबद्दल विचारणे, ही तिथली रीत. पन्नास पत्रांना पाच उत्तरे आली तरी निराश होऊ नये. याला वशिला म्हणावे काय, असा प्रश्न मराठी मनाला पडेल. वशिल्यात ओळख आधीची असते आणि कुवत विचारली जात नाही. येथे ओळख पत्र लिहून करावी लागते आणि पुढे मुलाखतीत ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह यांची सांगड तोंडी घालून दाखवावीच लागते. घसाऱ्यात दहा डॉलरची वाढ झाली तर तिन्ही पत्रकांवर काय परिणाम होईल, या ठरीव प्रश्नाला अडखळणाऱ्या ३.९ वाल्यापेक्षा सफाईने उत्तर देणारा ३.० वाला तेथे सरस ठरू शकतो. तथापि ज्याचे वडील, मामा, शेजारी याच धंद्यात आहेत त्याला पन्नास पत्रे लिहावी लागत नाहीत, हेही खरे.

दुसरी वाट शेजारच्या धंद्यातून जाते. हिशेब तपासणाऱ्या मोठ्या संस्थांचे मूल्यांकन विभाग, व्यापारी बँकांचे कर्ज-परीक्षण विभाग, पतमापन संस्था, उद्योगांचे वित्त विभाग, येथे दोन-तीन वर्षे काम केलेला माणूस इन्व्हेस्टमेंट बँकेच्या उपयोगाचा असतो, आणि त्याला कुणी पहिल्या सत्राचे गुण सहसा विचारीत नाही. मात्र ही उडी केव्हा मारावी हे बाजार ठरवतो. २०२१ मध्ये जगभरात ५ लाख कोटी डॉलरहून अधिक रकमेचे विलीनीकरणाचे व्यवहार झाले; माणसे मिळेनात, तेव्हा पेढ्यांनी बाहेरून घेतली. जानेवारी २०२३ मध्ये एकट्या गोल्डमनने सुमारे ३,२०० जणांना घरी पाठवले. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ पॉल ओयर यांनी तेथील एमबीए पदवीधरांचा अभ्यास करून २००८ मध्ये दाखवले की, विद्यार्थी शिकत असताना शेअर बाजार तेजीत असेल तर अधिक जण वॉल स्ट्रीटवर जातात, मंदीत असेल तर कमी. आणि या योगायोगाचा परिणाम त्यांच्या आयुष्यभराच्या मिळकतीवर टिकून राहतो. इन्व्हेस्टमेंट बँकर जन्मावा लागत नाही, तो चांगल्या वर्षी पदवी घेतो, इतकाच त्याचा अर्थ. गुणवत्तेची भाषा बोलणाऱ्या धंद्याला हा निष्कर्ष फारसा रुचणारा नाही.

तिसरी वाट सर्वांत सरळ आणि सर्वांत महाग. पदव्युत्तर पदवी घेतली की नवी गुणपत्रिका मिळते. वित्तशास्त्रातील एक वर्षाची पदवी, किंवा काही वर्षे नोकरी करून मग एमबीए. एमबीएनंतर विश्लेषकाच्या वरच्या, असोसिएटच्या पदावर थेट प्रवेश मिळतो. जीमॅट परीक्षेतील उत्तम गुण आणि कामाचा अनुभव यांनी जुनी सरासरी बरीचशी झाकली जाते, पुसली जात नाही. नामवंत संस्थेतील दोन वर्षांचा एकूण खर्च २ लाख डॉलरच्या वर जातो. श्रीमंताच्या मुलाने पहिल्या वर्षी उनाडक्या केल्या तर त्याला नवी गुणपत्रिका विकत घेता येते. कर्ज काढून शिकणाऱ्याच्या चुकीवर आणखी कर्ज चढते. गुणांची चाळण गरीब आणि श्रीमंत दोघांनाही सारखीच लागते, असे म्हणणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात घ्यावा. चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्टच्या तीन परीक्षा त्या मानाने स्वस्त. त्यांनी अभ्यासू वृत्ती सिद्ध होते. दार मात्र त्यांच्या बळावर क्वचितच उघडते.

एक वाट मात्र बंदच समजावी. आकडा थोडा वर सरकवून लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. नोकरी देताना पेढ्या विद्यापीठाकडून गुणपत्रिका मागवतात, आणि तफावत दिसली की दिलेली जागा परत घेतात. मुख्य विषयाची सरासरी बरी असेल तर ती वेगळी दाखवावी, गुण चढते असतील तर तेही सांगावे, आणि घसरणीचे कारण मुलाखतीत दोन वाक्यांत, रड न गाता, सांगून मोकळे व्हावे. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही.

भारतातून अमेरिकेत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या मार्गात आणखी एक फाटक आहे. लहान पेढीची वाट त्याला अर्धीच खुली असते. शिक्षणानंतर ठरावीक मुदतच काम करण्याची मुभा मिळते. पुढे एच-१बी व्हिसा लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ८५,००० आणि निवड सोडतीने. पाच-दहा माणसांचे कार्यालय या भानगडीत पडायला नाखूश असते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. पुण्याहून किंवा नागपूरहून गेलेल्या मुलाला म्हणूनच मोठ्या पेढ्यांकडेच पाहावे लागते, जेथे चाळण सर्वांत बारीक असते.

आपल्याकडे

मायदेशातील परिस्थिती वेगळी आहे असे म्हणवत नाही. मुंबईतील मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका नवी माणसे प्रामुख्याने अहमदाबाद, कलकत्ता, बंगलोर अशा मोजक्या व्यवस्थापन संस्थांतून उचलतात. आणि त्या संस्थांच्या प्रवेशात कॅट परीक्षेबरोबर दहावी, बारावी व पदवीचे गुणही धरले जातात. अमेरिकन मुलाचे गणित अठराव्या वर्षापासून मांडले जाते, आपल्याकडे ते पंधराव्या वर्षापासून. महाविद्यालयाच्या फलकावर लागणाऱ्या नोकरभरतीच्या सूचनांतून ‘दहावीपासून सर्वत्र ६० टक्के’ ही अट किती जणांनी वाचली असेल! दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीला इंग्रजीतून शिकू लागतो, चाचपडतो, आणि बारावीला ५८ टक्के मिळवतो. पदवीला तो सावरतो. सूचना वाचताना मात्र त्याला कळते की, ते दोन टक्के जन्मभर त्याच्यासोबत चालणार आहेत. शिकवणाऱ्याला हा मुलगा चांगला ओळखता येतो. तो प्रत्येक वर्गात असतो, बहुधा मधल्या बाकांवर.

त्याच्यासाठी आपल्याकडे एक जुनी, कष्टाची पण बऱ्यापैकी समान वाट आहे, ती चार्टर्ड अकाउंटंटच्या परीक्षेची. द्वितीय वर्गात बी.कॉम. झालेला, पण ही परीक्षा उत्तीर्ण झालेला उमेदवार मुंबईच्या वित्तक्षेत्रात नवलाचा नाही, आणि त्याचे बी.कॉम.चे गुण सहसा कुणी काढीत नाही. शुल्क तुलनेने कमी, परीक्षा देशभर एकच, आणि तपासणाऱ्याला उमेदवाराचे घराणे ठाऊक नाही. चाळण येथेही आहेच. पण ती समज आल्यावर लागते, आणि पुन्हा बसता येते. अलीकडे मात्र भरती करणाऱ्या संस्थांनी तिच्यातही एक नवे छिद्र बुजवले आहे. ‘सर्व गट पहिल्याच प्रयत्नात’ अशी अपेक्षा त्या आता घालू लागल्या आहेत. दिवसभर कुणाच्या तरी कार्यालयात हिशेब तपासून रात्री लोकलमध्ये पुस्तक उघडणारा विद्यार्थी दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला, तर पहिला का हुकला हे लिहिण्यापुरता रकाना त्या अर्जांतही ठेवलेला नसतो.